ओल्या कानाचा कुत्रा

शुक्रवारच्या सेमिनारला खाऊ वक्त्याने आणायचा, अशी मानसशास्त्र विभागातली जुनी रीत होती. डॅनिका प्राइबिलने लिंबाच्या वड्या करून आणल्या होत्या आणि तबक अगदी दारात ठेवलं होतं, म्हणजे आत शिरणाऱ्याला नाही म्हणायची सोयच राहू नये. मारिट हॉगनने एक वडी उचलली, कागदी रुमालात गुंडाळली आणि कोटाच्या खिशात टाकली. वडील गेल्यापासून लोक तिच्या हातात काही ना काही खायला देत होते आणि ती ते खिशात टाकत होती.

"तुम्ही पुढे बसा," डॅनिका म्हणाली. तिने केस वर बांधले होते, एरवी कधी झगा न घालणारी ती आज तो घालून आली होती आणि तबक पुन्हापुन्हा सरळ करत होती. "तुमच्यासाठी खुर्ची राखून ठेवलीय. आणि घाबरू नका हं, मी त्यांच्याबद्दल सगळं चांगलंच सांगणार आहे."

"घाबरलेली तू दिसतेस."

"मी ना? मी सकाळपासून दोनदा ओकले," डॅनिका हसली. "बाबा तुमचे म्हणाले असते, नमुना लहान आहे, निष्कर्ष काढू नकोस."

म्हणाले असते खरे. मारिट हसली आणि पुढे जाऊन बसली. खिडकीतून खाली सरोवर दिसत होतं. एप्रिल अर्धा सरला होता, तरी काठाला बर्फ चिकटून होता आणि पलीकडे काळं पाणी उघडं पडलं होतं. समोरच्या पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात डेन्व्हरहून तिच्या धाकट्या भावाचा, नेल्सचा चेहरा लटकत होता. त्याचा आवाज अजून बंद होता. तो कुणाशी तरी बोलत होता आणि शर्टाचं वरचं बटण लावत होता.

त्याच्याशी तिचं बोलणं दुपारीच झालं होतं. खाली गाडीत बसून.

"जाणार आहेस ना नक्की?" नेल्सने विचारलं होतं. "नाहीतर ऐन वेळी तुझं डोकं दुखायचं."

"खाली येऊन बसलेय. आणखी कुठे जाऊ?"

"नीट ऐक म्हणजे झालं. मी काही बोलत नाही. आता विद्यापीठच बोलतंय. त्यांच्याकडे आकडे आहेत."

"माझ्याकडे ते स्वतः होते, नेल्स. रोज. सकाळ-संध्याकाळ."

"होते ना. आणि गाडीची किल्ली तू पिठाच्या डब्यात लपवलीस. डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाची. गाडी असती तर ते गाडीत बसून राहिले असते, हीटर लावून. पायी कशाला गेले असते?" मग थोडा थांबून, मऊ आवाजात, "मी भांडत नाही, मारिट. मला फक्त कळत नाही."

तिने फोन ठेवून दिला.

झालं होतं ते असं. तिचे वडील ऑरिन हॉगन या विभागात तीस वर्षं स्मृती शिकवत होते आणि निवृत्त झाल्यावर, विभागाने म्हाताऱ्या माणसांच्या स्मृतीचा दीर्घ अभ्यास सुरू केला तेव्हा, आपण होऊन त्यात दाखल झाले होते. "आयुष्यभर दुसऱ्यांना पिंजऱ्यात बसवलं, आता आपली पाळी," म्हणायचे. दर वर्षी जानेवारीत मारिट त्यांना घेऊन यायची आणि चाचणी चाललेली असताना बाहेर बाकावर पुस्तक वाचत बसायची. शहराच्या ग्रंथालयात नोकरी आणि घरी वडील, एवढ्यात तिला निवांत वाचायला मिळणारा तो एकच तास. चाचणीचे निकाल भाग घेणाऱ्याला सांगायचे नाहीत, हा नियम वडिलांनीच कधीकाळी विभागाला घालून दिला होता. पण विभागप्रमुख हॉलिस ग्रीअर त्यांचाच विद्यार्थी. मारिटने एकदा त्याला बाजूला घेऊन विचारलंच होतं, बाबांचं काही बिघडतंय का. त्याने तिच्या दंडावर हात ठेवला. "मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे. पण मी तुझ्या जागी असतो तर शांत झोपलो असतो."

ती झोपली नव्हती. कारण घरी वेगळंच चाललं होतं. वडील रोज सकाळी लाल पेन्सिल घेऊन तेच जुनं वर्तमानपत्र तपासायचे, समासात शेरे मारायचे आणि शेवटी त्याला बी मायनस द्यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान, पुन्हा बी मायनस. मतात मात्र कधी फरक पडला नाही. गाडी चालवताना हिरवा दिवा लागला की थांबायचे आणि लाल लागला की निघायचे. मागच्यांनी भोंगे वाजवले की म्हणायचे, लोकांना हल्ली धीर म्हणून नाही. ऑक्टोबरात तिने किल्ली काढून घेतली. ते ओरडले नाहीत. चष्म्यावरून तिच्याकडे बघत, तोंडी परीक्षेला बसलेल्या विद्यार्थिनीला विचारावं तसं म्हणाले, "पुरावा काय आहे तुझ्याकडे?"

तिच्याकडे वर्तमानपत्र होतं, दिवे होते. तेवढ्याला पुरावा म्हणत नाहीत, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

जानेवारीच्या शेवटी, ती उठायच्या आत, ते कोट चढवून, टाय बांधून बाहेर पडले. टेकडी उतरून ते विद्यापीठात गेले आणि जिथे त्यांची जुनी इमारत होती तिथे गेले. ती पाडून तिथे वाहनतळ होऊनही बरीच वर्षं झाली होती. बर्फ काढायला आलेल्या माणसाला ते सकाळी सापडले, वाहनतळाकडे तोंड करून, बर्फाच्या ढिगाला टेकून बसलेले. खिशात खडू होता.

दफनाच्या दिवशी हॉलिस नेल्सला म्हणाला होता, "आमच्याकडे तर ते शेवटपर्यंत तल्लख होते." म्हणाला सांत्वनासाठीच. ते वाक्य नेल्सने जे धरलं ते आजतागायत सोडलं नव्हतं.

"चला, बसून घ्या," हॉलिसने टाळी वाजवली. "डॅनिका, वाक्य."

खोलीत थोडी हसाहस झाली. हॉगनचं वाक्य, असंच त्याला विभागात म्हणत. कुणीही बोलायला उभं राहिलं की आधी एका वाक्यात सांगायचं, काय निघालं तर मी माझं म्हणणं मागे घेईन. सांगता आलं नाही तर खाली बसायचं आणि खाऊ तेवढा ठेवून जायचं. मारिटच्या वडिलांनी सुरू केलेली ही रीत त्यांच्या माघारीही टिकून होती, फक्त आता ती जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखी उरकली जायची.

डॅनिका पडद्याशेजारी उभी राहिली. "ऑरिन हॉगन यांनी आमच्या प्रयोगशाळेत येण्याआधी ही गोष्ट कधीही ऐकली होती असं निघालं," ती पाठ केलेल्या धड्यासारखं घडाघडा म्हणाली, "तर मी आज सांगणार आहे ते सगळं मागे घेईन."

"आणि ऐकली नव्हती हे कशावरून?" मागून कुणीतरी रीतीप्रमाणे विचारलं.

"ही गोष्ट आपल्याकडे दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून आली, ते निवृत्त झाल्यानंतर. त्याआधी इथे ती कुणी वापरलेली नाही. कागदावर लेखकाचं नाव नाही, पण चाचण्यांना कधी असतं का?"

पुन्हा हशा. डॅनिकाला धीर आला आणि ती बोलू लागली. बोलली छान. म्हाताऱ्या माणसाला एक छोटी गोष्ट वाचून दाखवायची, अर्ध्या तासाने ती परत सांगायला लावायची. गोष्टीचे पंचवीस मुद्दे पाडलेले असतात. सांगितलेल्या प्रत्येक मुद्द्याला खूण, आणि मूळ गोष्टीत नसलेलं काही आपल्या पदरचं घातलं तर त्याला म्हणायचं भर. भर वाढू लागली की समजायचं, स्मृतीला भोकं पडताहेत आणि माणूस ती बुजवतोय. पडद्यावर इतरांच्या, भर वजा केलेल्या गुणांच्या रेषा आल्या, वर्षागणिक उताराला लागलेल्या. त्या सगळ्यांच्या वरून एक रेषा आडवी चालली होती.

"हे ऑरिन," डॅनिका म्हणाली. "शब्दांच्या चाचणीत ते चारचौघांसारखेच होते, थोडे मागेच. पण गोष्ट मात्र ते दर वर्षी जशीच्या तशी सांगायचे. तेवीस मुद्दे. दर वर्षी तेवीस. आणि दर वर्षी एक भर, तीसुद्धा दर वर्षी तीच. आधी आम्ही बुचकळ्यात पडलो. मग लक्षात आलं की हा तर पुरावाच आहे. गेल्या वर्षी आपण काय भर घातली हे त्यांना यंदा आठवतंय. आणि शेवटच्या जानेवारीत बघा." आडव्या रेषेचं टोक किंचित वर उचललं होतं. "तेवीस मुद्दे आणि भर नाही. ऐंशी ओलांडलेला माणूस सुधारला."

कुणीतरी हलकी शीळ घातली. कोपऱ्यातल्या चौकोनात नेल्सने मान खाली घातली आणि दोन बोटांनी डोळे दाबले. मारिटने ते पाहिलं. मग ती पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. तर हे असं होतं. ती कोटाच्या खिशात हात घालून बसली होती आणि वडी तिच्या मुठीत भुगा होत होती. त्यांचं डोकं ठिकाणावर होतं आणि तिने त्यांना घरात कोंडलं. लाल पेन्सिल, दिवे, सगळं एका म्हाताऱ्याचा लहरीपणा. आयुष्यभर एकटं राहिलेल्या मुलीने वडिलांना आजारी ठरवून आपल्याजवळ ठेवलं, असंही कुणी म्हणेल. नेल्सने अजून म्हटलं नव्हतं एवढंच.

"चाचणीतला मजकूर बाहेर दाखवायचा नाही, म्हणून गोष्ट मी झाकलीय," डॅनिका म्हणाली. पडद्यावर मजकुराच्या जागी करडी पट्टी होती. "पण शेवट तुम्हाला ऐकवते. त्यांच्याच आवाजात. दोन वर्षांपूर्वीचं आहे. मला वाटलं, आज ते इथे असायला हवेत."

आधी खुर्ची करकरली. मग वडिलांचा खोकला. 

"...मग ती तशीच पुढे गेली," वडील सांगत होते. वर्गातला आवाज नव्हता तो. हळू, खालच्या पट्टीतला, दिवा मालवलेल्या खोलीतला आवाज. "तेल घेतलं, परत आली आणि दिवा लावला. आणि पहाटे मासेमारीची बोट सुखरूप आली."

"आणखी काही?" डॅनिकाचा आवाज.

"आहे तर. सकाळी तिने दार उघडलं, तर तिचा कुत्रा मेजर पायरीवर बसलेला. एक कान ओला. हे सांगायलाच लागतं, नाहीतर छोटीला झोप लागत नाही."

"कुठली छोटी?"

"आहे एक," वडील म्हणाले, आणि ध्वनिमुद्रण संपलं.

खोली प्रेमाने हसली. हॉलिसने चष्मा काढून पुसला. "ऑरिनच तो," तो म्हणाला. "परीक्षा घेणाऱ्याचीच फिरकी."

मारिट हसली नाही. ती पाच वर्षांची होती आणि तिच्या पायांवर निळी गोधडी होती. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. ते तेव्हा दक्षिणेला, आयोवात शिकत होते आणि तिथल्या स्मृतीच्या प्रयोगांत लोकांना वाचून दाखवण्यासाठी लिहिलेल्या बारीकसारीक गोष्टी आधी तिच्यावर करून बघायचे. बाकीच्या तिला आवडायच्या नाहीत. ही आवडायची, पण कुत्रा बुडायचा. ती रडली. बाबा म्हणाले, गोष्ट अशीच आहे, मी काय करू. ती आणखी रडली. दुसऱ्या रात्री कुत्रा पायरीवर बसलेला होता. एकच कान का ओला, तिने विचारलं, तर बाबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, दुसरा तो वाटेत वाळवत आला.

प्रश्न सुरू झाले होते. नमुना, वयोगट, शिक्षणाचा परिणाम. डॅनिका उत्तरं देत होती, तिचे गाल लाल झाले होते, ती सुंदर दिसत होती. तिच्या तीन वर्षांच्या कष्टाचं हे फळ होतं, आणि पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचा होता. मारिट ऐकत होती आणि मोजत होती. गप्प बसलं तर बाबा तल्लख राहतील, या मुलीचा प्रबंध राहील, नेल्सचा राग राहील. त्या रागाची तिला सवय झालीच होती. बोललं तर तिचं खरं ठरेल. आणि ते खरं ठरलं की बाबा खरोखरच, आधीपासूनच, नसतील.

"शेवटचा शब्द पाहुण्यांचा," हॉलिस म्हणाला आणि तिच्याकडे वळला. "मारिट, तुला काही बोलायचंय? आभार वगैरे मानू नकोस, ते आम्ही मानायचे."

ती उठली नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाली, "ती गोष्ट त्यांनी ऐकली होती."

"कुठली?"

"हीच. ऐकली म्हणजे, लिहिली होती. मी पाच वर्षांची असताना. मला झोपताना सांगायचे."

कुणीतरी कप खाली ठेवला. कोपऱ्यातून नेल्सचा आवाज आला, "मारिट, आता हे काय?"

"थांब जरा, नेल्स."

"नाही, सॉरी, पण इतक्या लोकांसमोर..." नेल्स म्हणाला. "मला नाही कधी सांगितली अशी कुठली गोष्ट. मला त्यांनी कुठलीच गोष्ट नाही सांगितली."

"तू झालास तेव्हा ते प्राध्यापक झाले होते," ती म्हणाली. वाईट वाटावं म्हणून म्हणाली नाही, पण त्याला लागलं ते तिला दिसलं.

हॉलिस दोन्ही हात वर करून मध्ये आला. "हे बघ, मारिट. आपण सगळेच त्यांना... मला काय म्हणायचंय, शेवट आत्ताच ऐकलास तू. मेंदू अशा वेळी जुनं काहीतरी जोडून देतो. त्यात तुझा दोष नाही. यावर आमचे चार सेमिनार होऊन गेलेत."

"सुरुवात ऐकलेली नाही मी. ती झाकलीय ना तुम्ही?"

हॉलिसने डॅनिकाकडे पाहिलं. डॅनिकाने मेजावरून एक कागद उचलला. "म्हणा," ती म्हणाली. तिचा आवाज चाचणी घेतानाचा झाला होता, ना गोड ना कडू. "जेवढं आठवतंय तेवढं, आठवेल तसं."

मारिटने सरोवराकडे बघत सांगितलं. तिलाही तो आवाज आपोआप लागला, हळू, खालच्या पट्टीतला.

"ग्रीन बेटावरच्या दीपगृहात एडा व्हॉस नावाची बाई राहायची. वय एकेचाळीस. मार्च महिना होता. एका संध्याकाळी दीपगृहाचा दिवा विझला, कारण तेल संपलं होतं. ती गोठलेल्या सरोवरावरून पायी किनाऱ्याकडे निघाली. हातात रिकामा डबा होता. पुढे तिचा कुत्रा चालत होता, त्याचं नाव मेजर. अर्ध्या वाटेवर बर्फाला तडा गेला आणि कुत्रा पाण्यात पडला. तिने हाका मारल्या. तो आला नाही. मग ती तशीच पुढे गेली..."

डॅनिकाची पेन्सिल कागदावर खुणा करत खाली चालली होती. तिला थांबवता येत नसावी. नाव, खूण. बेट, खूण. एकेचाळीस, खूण. मारिट शेवट सांगून थांबली तेव्हा सगळी खोली त्या पेन्सिलकडे बघत होती.

"तेवीस," डॅनिका म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. "एडा व्हॉस विधवा असते, ते नाही आलं. आणि हाका दोनदा मारते, ते दोनदा नाही आलं."

"मग?" हॉलिसने विचारलं, पण त्याला कळलं होतं.

"तेही हीच दोन सोडायचे. दर वर्षी."

"मी विचारायचे, तिचा नवरा कुठे गेला," मारिट म्हणाली. "म्हणून मग तो काढून टाकला. आणि दोनदाच का, असं विचारायचे. म्हणून तेही गेलं."

मग नेल्सच बोलला. त्याने कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून दिलं होतं. "म्हणजे त्यांना... म्हणजे ते दर वर्षी तिथे बसून तुला झोपवत होते?"

"मला माहीत नाही काय करत होते."

"आणि त्या दिवशी ते इमारत शोधत होते? त्यांना माहीतच नव्हतं ती पाडलीय म्हणून?"

"मी तुला सांगितलं होतं, नेल्स."

"सांगितलं होतंस," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याचा चौकोन काळा झाला.

डॅनिकाने कागद पालथा ठेवला. तिने पडद्याकडे पाहिलं, तिथे अजून ती रेषा टोक वर करून उभी होती. "मी मागे घेते," ती म्हणाली. रीतीप्रमाणे. हॉलिस काही बोलायला गेला, जाऊ दे ग, बघू या, एवढ्यात काय, असं काहीतरी. तिने मान हलवली आणि यंत्र बंद केलं. लोक उठले. जाताना कुणी खाऊकडे बघितलं नाही.

मारिट थांबली. माफी मागावी असं तिला वाटत होतं आणि कशाची ते ठरवता येत नव्हतं. डॅनिकाच आली.

"आधी का नाही सांगितलंत?"

"आज ऐकली मी. मी बाहेर बसायचे."

"हो. बाकावर. पुस्तक घेऊन." डॅनिकाने तोंडावरून हात फिरवला. "मला राग येतोय तुमचा. येऊ नये, कळतं मला. उद्यापर्यंत जाईल. तुम्हाला एक सांगायला हवं. अभ्यासातून वगळलेल्या माणसाचं ध्वनिमुद्रण ठेवता येत नाही. पुसावं लागतं. नियम आहे."

"माहीत आहे. त्यांचाच आहे."

"त्याआधी ऐकायचं असेल तर चला. शेवटचं ऐकवते, जानेवारीतलं. मला स्वतःलाच ते आता पुन्हा ऐकायचंय."

चाचणीची खोली अरुंद होती. एक मेज, दोन खुर्च्या, भिंतीला घड्याळ नाही, खिडकीला जाड पडदा. डॅनिका आपल्या खुर्चीत बसली तेव्हा दुसरीच उरली. मारिट तिच्यात बसली. हात ठेवायच्या जागी लाकडाचं पॉलिश गेलेलं होतं.

वडिलांचा आवाज आला. बेट, बाई, दिवा, तेल. कुठेही अडखळले नाहीत. तडा गेला, कुत्रा पडला, तिने हाका मारल्या. ती पुढे गेली, दिवा लावला, बोट सुखरूप आली.

"आणखी काही?" डॅनिकाचा आवाज.

खुर्ची करकरली.

"नाही," वडील म्हणाले. "एवढंच."

"अगदी नक्की? काहीही चालेल."

"एवढीच गोष्ट आहे, बाळा. आणखी काय असणार?" मग आवाज खाली आणून, गुपित विचारावं तसं, "बाहेर बाकावर त्या बाई बसल्यात ना, त्याच मला घरी सोडतात का?"

"तुमची मुलगी आहे ती," डॅनिकाच्या आवाजात हसू होतं.

"हो का," वडील सभ्यपणे म्हणाले. "भल्या आहेत बिचाऱ्या."

यंत्र थांबलं. डॅनिका मेजाकडे बघत राहिली. "मला वाटलं चेष्टा करताहेत. ते नेहमी करायचे ना चेष्टा. मी... मी त्या दिवशी लिहिलं, भर नाही. पुढे लिहिलं, सुधारणा."

"करायचे चेष्टा," मारिट म्हणाली.

त्या दिवशी परत जाताना त्यांनी गाडीचं दार तिच्यासाठी उघडून धरलं होतं, हे तिला आठवलं. थँक यू म्हणाले होते. तिला तेव्हा बरं वाटलं होतं. वाटलं, आज स्वारी खुशीत आहे.

खिशात फोन थरथरला. नेल्स होता. तिने तो तसाच थरथरू दिला. मग खिशातून कागदी रुमाल काढला, वडीचा भुगा कचऱ्याच्या टोपलीत झटकला आणि रुमालाची चौकोनी घडी केली.

"पुसू?" डॅनिकाने विचारलं.

"ज्यांत कुत्र्याचं वाक्य आहे ती आधी पुस," मारिट म्हणाली. "त्यांचंही तेच आधी गेलं. हे शेवटी."

डॅनिका यंत्राकडे वळली. ती एकेक वर्ष पुसत गेली आणि मारिट त्या खुर्चीत हात ठेवून, सगळं होईपर्यंत, बसून राहिली.